तैलरंगातील मृत्तिका आणि आपले गैरिक

लघुसूतशेखर आणि कामदुधा ही दोन नावे ज्याच्या लेखणीतून दिवसाकाठी एकदाही उतरत नाहीत असा वैद्य महाराष्ट्रात विरळाच. या दोन्ही कल्पांत गैरिक आहे. लघुसूतशेखरात तर दोन भाग गैरिक, एक भाग सुंठ आणि वर नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना, एवढाच पाठ. म्हणजे कोरड्या द्रव्यांचा दोन-तृतीयांश हिस्सा एका तांबड्या मातीचा. चरकोक्त पुष्यानुग चूर्णातही ती आहे. रसशास्त्राने गैरिकाला उपरसांत स्थान दिले, पाषाणगैरिक व सुवर्णगैरिक असे भेद सांगितले, गोदुग्धाची भावना किंवा गोघृतात भर्जन असे शोधन सांगितले आणि रक्तपित्त, हिक्का, छर्दी, नेत्ररोग यांत त्याचा उपयोग वर्णिला. हे सर्व वाचकांस ज्ञातच आहे. त्याची उजळणी करण्याचा येथे हेतू नाही.

आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. फार्मसीत गोणीतून जी तांबडी भुकटी उतरते ती कोणती माती असते? कोठल्या खाणीतली? कच्ची की भाजलेली? मुळात खाणीतली की कारखान्यातली? या प्रश्नांची उत्तरे आपल्यापैकी फारच थोड्यांना देता येतील. नेमका हाच प्रश्न आपल्या आधी दुसऱ्या एका व्यवसायाला पडला होता, आणि त्याने त्याचे उत्तर बऱ्याच अंशी शोधलेही. तो व्यवसाय म्हणजे चित्रकारांच्या तैलरंगांचा. चित्रकाराच्या पेटीतील पिवळी माती, तांबडी माती, सिएन्ना आणि अंबर ही सारी गैरिकाचीच भावंडे होत. त्यांचा इतिहास औषधनिर्मात्याने एकदा तरी डोळ्यांखालून घालावा असे आम्हांस वाटते.

चित्रकार आणि औषधविक्रेता यांचा जुना शेजार

मध्ययुगीन युरोपात रंगद्रव्ये औषधविक्रेत्याच्या दुकानात मिळत. फ्लॉरेन्स शहरात तर चित्रकारांचा समावेश वैद्य आणि औषधविक्रेते यांच्याच व्यवसायसंघात होत असे. ख्रिस्ती परंपरेत संत ल्यूक हा वैद्यांचाही आश्रयदाता आणि चित्रकारांचाही. हिंगूळ, हरताळ, मनःशिला, शेंदूर, मोरचूद, काव ही यादी वाचून ती रसशाळेची की चित्रशाळेची हे सांगणे कठीण व्हावे, अशी स्थिती आपल्याकडे होती तशीच तिकडेही होती. व्हेनिसमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस केवळ रंग विकणारे दुकानदार वेगळे निघाले. इतरत्र हा शेजार पुढेही बराच काळ टिकला.

माती औषध म्हणून देण्याची प्रथाही तिकडे जुनी. एजियन समुद्रातील लेम्नॉस बेटाची तांबडी माती धुऊन, तिच्या वड्या करून, त्यांवर मुद्रा उठवून विकली जाई. विषघ्न आणि रक्तस्तंभक म्हणून तिची ख्याती होती. गॅलेन हा दुसऱ्या शतकातील थोर वैद्य ती माती कशी तयार होते हे स्वतः पाहण्यासाठी त्या बेटावर गेला होता. त्या मुद्रेचा अर्थ औषधनिर्मात्यांच्या लगेच ध्यानात येईल: माल कोठला आहे याची ती हमी होती. आर्मेनियातील तांबडी माती युनानी वैद्यकात 'गिले अरमनी' या नावाने आजही परिचित आहे. तिकडचे कारागीर हीच माती सोन्याच्या वर्खाखाली अस्तर म्हणून लावीत. सोन्याला ऊब येते ती खालच्या तांबड्या मातीमुळे.

इ. स. १४०० च्या सुमारास इटलीतील चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने आपल्या कलेचा एक कार्यग्रंथ लिहिला. वडिलांबरोबर एका डोंगरकडेला गेलो असता मातीच्या पिवळ्या आणि तांबड्या शिरा कशा दिसल्या, त्या कशा खणल्या आणि वाटल्या, हे त्यात आले आहे. आम्हांस त्यातील दुसरी सूचना अधिक महत्त्वाची वाटते. हिंगूळ विकत घ्यावा तो नेहमी अखंड खड्याच्या रूपात, कुटलेला कधीही घेऊ नये. कारण कुटलेल्या मालात शेंदूर किंवा विटेची पूड मिसळलेली असते, असे तो बजावतो. सहाशे वर्षे उलटली तरी ही सूचना प्रत्येक फार्मसीच्या भांडारगृहात लावून ठेवण्याजोगी आहे.

मातीच्या रंगामागील रसायन

मातीच्या रंगांचे मूळ लोहात आहे. लोहाचा जलयुक्त ऑक्साइड, म्हणजे गोएथाइट, पिवळा असतो. त्यातील जलांश निघून गेला की उरते ते हेमॅटाइट, आणि ते तांबडे. पिवळी माती सुमारे तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की डोळ्यांदेखत तांबडी होते. ही युक्ती मानवाला अतिप्राचीन काळापासून अवगत आहे. दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बोस गुहेत सापडलेल्या, सुमारे एक लाख वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांत तांबडी माती, हाडातील मेद आणि कोळसा यांचे मिश्रण आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधनिर्माणाचा असो वा रंगनिर्माणाचा, इतका जुना संच दुसरा नसावा.

इटलीतील सिएन्ना शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मातीत लोहाबरोबर थोडे मँगनीज असते. मोंटे आमियाता पर्वताच्या परिसरातून ती काढली जाई. कच्ची असताना ती मधाळ पिवळी दिसते. भाजल्यावर नारिंगी झाक असलेली पारदर्शक तांबूस होते. अंबर नावाच्या मातीत मँगनीजचे प्रमाण अधिक असते, म्हणून ती तपकिरी. उत्तम अंबर सायप्रस बेटावरची मानतात. तेथील त्रोदोस पर्वताच्या कडेला, एके काळी समुद्रतळ असलेल्या लाव्हावर ती साचलेली आहे. व्हेरोनाजवळच्या हिरव्या मातीत ग्लॉकोनाइट आणि सेलाडोनाइट ही खनिजे असतात. सेलाडोनाइट आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही सापडते, आणि अजिंठ्याच्या भिंतींवरील हिरवा रंग अशाच मातीचा आहे. अजिंठ्याची चित्रे तैलरंगातील नव्हेत हे खरे. परंतु तेथील तांबडा आणि पिवळा हे रंग काव आणि पिवळी माती यांचेच आहेत, आणि तेथे मातीने दीड हजार वर्षे रंग टिकवून दाखवला.

हा टिकाऊपणा हेच या कुळाचे मोठे वैशिष्ट्य. लोहाचे हे ऑक्साइड आधीच पूर्ण जारित अवस्थेत असतात. हवा, ऊन, अळशीचे तेल, चुना यांपैकी कशानेही ते सहसा बदलत नाहीत. १८८८ मध्ये रसेल आणि ॲबनी या दोघा इंग्रज संशोधकांनी जलरंगांवर सूर्यप्रकाशाचा परिणाम तपासला तेव्हा अनेक भपकेदार रंग फिके पडले. मातीचे रंग मात्र टिकले.

तेलाशी त्यांचे वर्तन एकसारखे नसते. चित्रकार वापरतो ते अळशीचे, म्हणजे जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. अंबरमधील मँगनीज या क्रियेला वेग देते, म्हणून अंबरचा थर लवकर वाळतो. पूर्वी तेल लवकर वाळावे यासाठी ते मुर्दाडशिंगाबरोबर उकळीत. आपल्या जुन्या मलमांच्या पाठांत मुर्दाडशिंग आणि तेल एकत्र शिजवून जो चिकट लेप तयार होतो, त्यामागेही शिसे आणि तेल यांचा संयोगच आहे. चित्रशाळा आणि रसशाळा यांच्या भिंती किती लागून होत्या हे यावरून दिसते.

फ्रान्समधील रूसियॉं आणि आप्त या भागातील पिवळ्या मातीत वाळूच फार असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस झां-एतिएन आस्तिए याने ती धुण्याची पद्धत बसवली. मातीवर पाणी सोडून तो गढूळ प्रवाह लांब पन्हळांतून नेतात. जड वाळू वाटेत खाली बसते, हलकी माती पाण्याबरोबर पुढे हौदात जाते, तेथे निवळते, उन्हात वाळते आणि मग तिच्या वड्या कापतात. यंत्र नाही, रसायन नाही. पाणी आणि धीर एवढेच भांडवल. आमच्या मते गैरिकाच्या शोधनापूर्वी अशी धुणावळ प्रत्येक फार्मसीत व्हावयास हवी. वाळूसकट गैरिक तुपात भाजले तर वाळूही भाजली जाते, इतकेच. शोधन कशाचे झाले?

नावे फिरतात, माती बदलते

मराठीत काव, सोनकाव, गेरू, पिवडी अशी नावे आहेत. आणखी एक सुंदर शब्द आहे, हुरमुंजी. इराणच्या आखातातील होर्मुझ बेटावरची गडद तांबडी माती जहाजांतून हिंदुस्थानात येई, तिच्यावरून हा शब्द आला. तीच माती हिंदुस्थानी व्यापाराच्या वाटेने पुढे युरोपात पोहोचली आणि तेथे चित्रकार तिला 'इंडियन रेड' म्हणू लागले. माती होर्मुझची, नाव हिंदुस्थानचे, गिऱ्हाईक लंडनचे! आज त्याच नावाने जी नळी विकली जाते तीत बहुधा कारखान्यात तयार केलेला लोह-ऑक्साइड असतो. नाव टिकले, द्रव्य बदलले.

नावाच्या घोटाळ्याचे याहून भयंकर उदाहरण म्हणजे 'ममी ब्राउन' हा तपकिरी तैलरंग. फारसी आणि अरबी भाषांत 'मोमियाई' म्हणजे डोंगरातून स्रवणारे डांबरासारखे औषधी द्रव्य. युनानी वैद्य आजही शिलाजतूला मोमियाई म्हणतात. मध्ययुगात अरबी वैद्यकग्रंथांची लॅटिन भाषांतरे होत असताना हे नाव इजिप्तमधील मसाला भरून ठेवलेल्या प्रेतांतील काळ्या द्रव्याला चिकटले, आणि पुढे प्रेतालाच. मग युरोपातील औषधविक्रेते चक्क प्रेतांची पूड 'मुमिया' म्हणून विकू लागले. आंब्रोझ पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १५८२ मध्ये या औषधाविरुद्ध लेखन केले. त्याच दुकानांतून ती पूड चित्रकारांकडे गेली आणि तेलात खलून तिचा रंग झाला. इंग्रज चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांना आपल्या रंगात खरोखरच मानवी देह आहे हे समजले, तेव्हा त्यांनी ती नळी घराच्या बागेत पुरली. त्या प्रसंगाच्या आठवणी त्यांचे भाचे रुडयार्ड किपलिंग यांनीही लिहून ठेवल्या आहेत. हे किपलिंग मुंबईतच जन्मले, आणि त्यांचे वडील आपल्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. १९६४ मध्ये लंडनच्या रॉबर्सन या जुन्या रंगपेढीने ममी संपल्याचे सांगितले, तेव्हा कोठे या प्रकरणावर पडदा पडला.

एका शब्दाच्या चुकीमुळे शिलाजतूच्या जागी प्रेत गेले, आणि ते काही शतके रुग्णांच्या पोटात जात राहिले. हे केवळ परक्यांचे अज्ञान म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु आपल्याकडे गोणीवर 'गेरू' लिहिलेले असले की आत गैरिक आहे असे धरून चालणे, ही त्याच जातीची श्रद्धा आहे.

नळी आली आणि डोळा गेला

चित्रकार स्वतः रंग खलत असे तोवर फसवणुकीला मर्यादा होती. संगमरवरी पाट्यावर काचेच्या किंवा दगडाच्या बत्त्याने माती तासन् तास घोटताना तिचा खर, तिचा जडपणा, तेल पिण्याची तिची भूक, सारे हाताला कळे. आपल्याकडे चूर्ण बोटांच्या रेषांत शिरते का, हे पाहणारी रेखापूर्णत्वाची परीक्षा जशी हाताची, तशीच ही. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रिकामी करता येणारी कथलाची नळी शोधून काढली. त्यापूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून मिळत. नळीमुळे चित्रकार मोकळा झाला, उघड्यावर जाऊन चित्रे काढू लागला. परंतु रंगद्रव्य त्याच्या नजरेआड गेले. आता आधार उरला तो नळीवरील नावाचा.

याचे परिणाम दिसावयास फार काळ लागला नाही. १८८० मध्ये विल्यम होल्मन हंट या चित्रकाराने लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये निबंध वाचला. जुन्या चित्रकारांना आपल्या साहित्याचे ज्ञान होते, आजच्यांना ते उरलेले नाही आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते, ही त्याची खंत होती. आयती वटी लिहिणाऱ्या वैद्यालाही ही खंत परकी नसावी. आपल्या दवाखान्यातील लघुसूतशेखराची बाटली आणि चित्रकाराची नळी यांत, द्रव्य नजरेआड होण्याच्या बाबतीत, काहीच भेद नाही.

मात्र त्या व्यवसायाने पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमधील सोसायटी ऑफ डायर्स अँड कलरिस्ट्स या संस्थेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रंगद्रव्यांची एक सूची प्रसिद्ध केली, ती 'कलर इंडेक्स' म्हणून ओळखली जाते. तीत प्रत्येक रंगद्रव्याला संकेतांक आहे. नैसर्गिक पिवळी माती पी. वाय. ४३, तर कारखान्यातील पिवळा लोह-ऑक्साइड पी. वाय. ४२. नैसर्गिक तांबडी माती पी. आर. १०२, कारखान्यातील तांबडा पी. आर. १०१. सिएन्ना आणि अंबर पी. बी. आर. ७. १९८० च्या दशकात अमेरिकेत तैलरंगांसाठी जे मानक तयार झाले त्यात नळीवर रंगद्रव्याची ओळख देण्याची अपेक्षा ठेवली गेली, आणि हळूहळू चांगले उत्पादक जगभर हे संकेतांक छापू लागले. आज जाणता चित्रकार नळीची पुढची बाजू पाहत नाही. ती उलटवून बारीक अक्षरांतला अंक वाचतो. 'भाजलेली सिएन्ना' असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या नळीच्या पाठीवर पी. आर. १०१ असेल, तर आत सिएन्नाची माती नाही हे त्याला कळते. त्यावर तो घ्यायची की नाही हे ठरवतो. मूळ द्रव्याऐवजी त्याच्या रंगछटेचे दुसरे द्रव्य घातले असेल तर नावापुढे 'ह्यू' हा शब्द जोडण्याचीही पद्धत आहे. आपल्या अभावप्रतिनिधी द्रव्यांच्या परंपरेशी हे किती जुळते! भावप्रकाशकारांनी अमुक न मिळाल्यास तमुक घ्यावे असे मोकळेपणाने सांगितले. लपवून घ्यावे असे सांगितले नाही.

ही सूचीही निर्दोष नाही. सात क्रमांकाच्या तपकिरीत कच्ची सिएन्ना येते आणि भाजलेले अंबरही येते; माती सायप्रसची की आणखी कोठली, हे अंक सांगत नाही. तरीही नैसर्गिक आणि कृत्रिम यांतील भेद तो सांगतो, आणि आपल्या व्यवसायात तेवढेही नाही. औषधांच्या वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि उपयुक्त अंग छापावे लागते. गैरिकापुढे मात्र 'शोधित' या विशेषणापलीकडे काही छापलेले आमच्या पाहण्यात नाही.

कृत्रिम माती: दोष कोणता?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कृत्रिम लोह-ऑक्साइड म्हणजे काही घाणेरडे द्रव्य नव्हे. युरोपीय किमयागार लोहाला मंगळाचे नाव देत, म्हणून या रंगांना 'मार्स' रंग म्हणतात. त्यातील तांबडा मिळवण्याची जुनी रीत म्हणजे हिराकस तीव्र अग्नीवर भाजणे. कासीसभस्म करणाऱ्या वैद्याला याहून अधिक सांगावयास नको. असा ऑक्साइड शुद्धतेत पुष्कळदा खाणीच्या मातीहून सरस असतो, त्याचे कण एकसारखे असतात आणि रंगशक्ती प्रखर असते.

परंतु ते गैरिक नव्हे. गैरिकात लोहाबरोबर केओलिनसारखी चिकणमाती असते, सिकतांश असतो. केओलिनचा शोषक आणि स्तंभक गुण आधुनिक औषधशास्त्रालाही मान्य आहे. गैरिकाची स्निग्धता, मसृणता, शीत गुण आणि आम्लपित्तातील त्याचे कार्य यांत या मृत्तिकांशाचा वाटा असावा असे आमचे मत आहे. तो काढून केवळ लोह उरले तर पाठ लघुसूतशेखराचा, आणि द्रव्य मात्र एका लोहकल्पाचे, अशी स्थिती होईल. चित्रकारांचाही अनुभव जुळता आहे. मार्स रंग झाकतो जोरात, पण खऱ्या सिएन्नाची पारदर्शक खोली त्याच्याकडे नसते. तीही त्या अशुद्ध मातीमुळेच येते.

फार्मसीसाठी नमुने मागवताना आमच्या हाती एकदा 'सोनगेरू' म्हणून आलेली एक भुकटी इतकी एकरंगी आणि इतकी दाहक तांबडी होती की पाहताच जुन्या घरांतील लाल कोब्याची आठवण झाली. तीव्र उष्ण लवणाम्लात ती जवळजवळ संपूर्ण विरघळली, तळाशी गाळ असा उरलाच नाही. खाणीची माती असे करीत नाही. तिची चिकणमाती आणि वाळू मागे राहतेच. अर्थात, कोणी ऑक्साइडमध्ये मुद्दाम माती मिसळली तर ही परीक्षा फसते हे लक्षात ठेवावे.

इतर परीक्षाही रंगवाल्यांच्या जुन्या अनुभवातल्याच आहेत, आणि लहान फार्मसीतही जमतात. पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये ढवळून निवळू द्यावे. वरचे द्रव रंगीत राहिले तर रंग चढवलेली माती समजावी. विरल आम्ल टाकताच फसफसले तर खडूचा अंश आहे. शेंदराची शंका असल्यास थोडी भुकटी लोखंडी पळीत तीव्र तापवून थंड होऊ द्यावी. गेरू तापताना काळवंडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा तांबडा होतो, शेंदूर मात्र पिवळ्या मुर्दाडशिंगात बदलतो. नायट्रिक आम्लातही शेंदूर तपकिरी पडतो. मूठभर माल हातात तोलून पाहावा; शिशाचा माल लगेच जड लागतो.

या परीक्षा ढोबळ भेसळ पकडतात. दशलक्षांशातील शिसे आणि आर्सेनिक त्यांनी कळत नाही, आणि खरा धोका तेथे आहे. लोहाचे ऑक्साइड आर्सेनिकाला घट्ट धरून ठेवतात. पाण्यातील आर्सेनिक काढण्याच्या गाळण्यांत याच गुणाचा उपयोग करतात. म्हणून ज्या खाणीच्या परिसरातील पाण्यात वा खडकात आर्सेनिक आहे, तेथील अस्सल, नैसर्गिक, भेसळविरहित गैरिकही आर्सेनिकयुक्त असू शकते. 'खाणीतले आहे, म्हणजे निर्दोष' असे म्हणता येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांतील चौदा उत्पादनांत शिसे, पारद किंवा आर्सेनिक आढळले. त्यावर आपल्याकडे बराच गदारोळ झाला. जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी आवश्यक झाली. आपल्या अधिकृत संहितेतील मर्यादा शिशासाठी दहा आणि आर्सेनिकासाठी तीन दशलक्षांश अशा आहेत. परदेशी गिऱ्हाइकासाठी आपण जी काळजी घेतो ती सदाशिव पेठेतल्या गर्भिणीसाठी का घेऊ नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस कोणाकडूनही मिळालेले नाही.

जाता जाता खलणाऱ्या कामगारांविषयीही लिहिले पाहिजे. मातीचे रंग तैलरंगांत सर्वांत निरुपद्रवी गणले जातात, कारण तेलात बांधलेली माती उडत नाही. कोरडी भुकटी मात्र उडते. तिच्यातील सूक्ष्म वाळू फुप्फुसात साचते, आणि मँगनीजयुक्त तपकिरी मातीची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होतो. पल्व्हरायझरवर उभा राहणारा आपला माणूस बहुधा तोंडाला पंचा गुंडाळून काम करतो. पंचाने ही धूळ अडत नाही.

आम्ही आमच्यापुरते आता गैरिक केवळ खड्यांच्या रूपात घेतो. राजस्थानातील की आणखी कोठले, हे विक्रेत्याकडून लिहून घेतो. लिहून देण्यास नकार देणाऱ्याचा माल घेत नाही. प्रत्येक घाणीतील एक खडा तारखेची चिठ्ठी लावून बाटलीत ठेवतो. नोंदवहीत 'गैरिक, इतके किलो' याऐवजी खाणीचे ठिकाण, रंग, कच्चे की भाजलेले, धुण्यापूर्वीचे व नंतरचे वजन, आम्लात न विरघळलेला अंश आणि प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक असे रकाने आखले आहेत. शिसे व आर्सेनिक यांची तपासणी प्रत्येक घाणीची न करता प्रत्येक नव्या खाणीची, आणि त्यानंतर वर्षातून एकदा, इतपत खर्च लहान फार्मसीला झेपतो असा आमचा अनुभव आहे. दोन-तीन फार्मसींनी मिळून एकाच खाणीचा माल घेतला तर तो आणखी वाटला जातो.

खर्चाची तक्रार फार्मसीमालकांकडून येणार हे आम्ही जाणून आहोत. खडे धुतले, गाळले, वाळवले की वजन घटते, दोन दिवस हौद अडतो आणि पावसाळ्यात तर माती वाळता वाळत नाही. पण लघुसूतशेखराच्या एकूण खर्चात गैरिकाचा हिस्सा किती, हे कोणीही आपली वही काढून पाहावे. सुंठ, नागवेलीची पाने, गोळ्या पाडण्याची मजुरी, बाटली आणि तिच्यावरचे छापील कागद या सर्वांहून ती माती स्वस्त आहे.